रीडबाईंचं अभिभाषण

बोर्डनच्या धक्क्याला फेरीबोट लागते आणि तुमचा पाय प्रिन्स एडवर्ड आयलंडवर पडतो. साल १९५०, महिना मे. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचा हा प्रांत म्हणजे समुद्रातलं एक लांबुळकं बेट: ५,६६० चौरस किलोमीटर, आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून जरासं मोठं, आणि वस्ती जेमतेम लाखभर. माती लोहाने लाल झालेली. कोकणातून आला असाल तर ती ओळखीची वाटेल. शेतांत बटाट्याच्या लावणीची तयारी चालली आहे. उत्तर किनाऱ्याकडे निघा, पण जपून. हे रस्ते कच्चे आहेत आणि बर्फ वितळल्यानंतरचा इथला लाल चिखल गाडीचं चाक धरून ठेवतो.

नॉर्थ रस्टिकोच्या बंदरात शेवंडांचा हंगाम सुरू झाला आहे. धक्क्यावर लाकडी पिंजऱ्यांच्या राशी, ओले दोरखंड, खारा वास. शेजारचं कॅव्हेंडिश म्हणजे ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’ लिहिणारी लूसी मॉड माँटगोमेरी जिथे वाढली ते गाव. तीही आधी बेटावरच्या तीन गावांत शिक्षिका होती. तुम्ही जिच्यासाठी आलात ती मॅरियन रीड इथलीच, नॉर्थ रस्टिकोची. माहेरचं आडनाव डॉइल, जन्म जानेवारी १९२९ चा. गावात आणि स्टेला मॅरिस कॉन्व्हेंटमध्ये शिकली, पुढे शार्लटटाऊनच्या प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजात गेली, गेल्याच वर्षी लग्न झालं. पुढे आठ मुलं होतील, वीस-एक वर्षं शाळेत शिकवणं होईल. चाळीस वर्षांनी ही बाई राणीची प्रतिनिधी म्हणून या प्रांताच्या सर्वोच्च पदावर बसणार आहे, असं आज धक्क्यावर कुणाला सांगाल तर तो पिंजरा विणायचा थांबून तुमच्याकडे बघत राहील.

तिच्या पिढीच्या शिक्षिकेचं काम बघायचं असेल तर रस्त्याकडेच्या कुठल्याही शाळेचं दार ढकला. अशा चारशेहून जास्त शाळा या एवढ्याशा बेटावर आहेत, आणि बहुतेक एकशिक्षकी. मागच्या बाकावर जागा आहे, बसा. मध्ये लाकडं जाळायची शेगडी, कोपऱ्यात पाण्याची बादली आणि डाव. भिंतीवर सहाव्या जॉर्ज राजाची तसबीर. तिच्याखाली विशी-बाविशीची एक मुलगी उभी आहे, आणि तिच्यासमोर सहा वर्षांच्या पोरापासून मिसरूड फुटू लागलेल्या मुलापर्यंत सगळे एकाच खोलीत. पहिलीला अक्षरं गिरवायला लावून ती चौथीचं शुद्धलेखन तपासते, तेवढ्यात सातवीच्या दोघांना फळ्यावर अपूर्णांक घालून देते. आवाज चढवत नाही. चढवून भागणारच नाही, कारण एका वर्गाशी बोलताना बाकीच्या सहा वर्गांचं काम मोडता कामा नये.

आता ती पुस्तक उघडून धडा वाचायला लागते. नीट ऐका. धडा तिने लिहिलेला नाही. कदाचित तिला तो पटतही नसेल. पण शेवटच्या बाकावरच्या पोरालाही प्रत्येक शब्द वेगळा ऐकू यावा, कुठल्या वाक्यावर तिने नाक मुरडलं किंवा कुठल्या वाक्यावर जास्त जोर दिला हे कुणालाही कळू नये, असं ती वाचते. तिच्यासमोर कॅथलिक घरातली मुलं आहेत, प्रॉटेस्टंट घरातलीही असतील. लिबरल घरातली आहेत, टोरी म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह घरातली आहेत, आणि या बेटावर या दोन्ही गोष्टी माणसाला जन्मापासून चिकटतात. तिचा पगार अंशतः गावच्या विश्वस्तांच्या हातात आहे आणि शाळातपासनीस केव्हाही दारात उभा राहील. अशा खोलीत रोज सगळ्यांची राहून काम करणं हे शिक्षण कुठल्या कॉलेजात मिळत नाही. या खोलीत मी तुम्हाला मुद्दाम जरा जास्त वेळ बसवलं. पुढे राजवाड्यासारख्या घरात जे दिसणार आहे, त्याची तालीम इथे झालेली आहे, असं माझं ठाम मत आहे.

साठच्या दशकाची अखेर आणि सत्तरच्या दशकाची सुरुवात तुम्ही धावत ओलांडता. लहान शाळा एकेक करून बंद होत आहेत, मुलं पिवळ्या बसमधून मोठ्या शाळांत जात आहेत, खेडोपाडीच्या त्या खोल्यांना कुलपं लागत आहेत. गावाने शाळा गमावली की गावाचं काय होतं हे महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगायला नको.

२३ एप्रिल १९७९. मतदान केंद्राच्या दाराशी उभे राहा. रीडबाई प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडून ‘फर्स्ट क्वीन्स’ मतदारसंघातून उभ्या आहेत. बेटाची मतदानाची रीत जुनी आणि निराळी: १६ मतदारसंघ, प्रत्येकातून दोन आमदार, एक असेंब्लीमन आणि एक कौन्सिलर, म्हणून सभागृह ३२ जणांचं. कॅथलिकासमोर कॅथलिक आणि प्रॉटेस्टंटासमोर प्रॉटेस्टंट उभा करायचा, हा दोन्ही पक्षांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संकेत. कौन्सिलरच्या जागेसाठी मालमत्तेच्या जोरावर मत देण्याची पद्धत १९६० च्या दशकापर्यंत टिकून होती. बायकांना मतदानाचा हक्क १९२२ मध्ये मिळाला, पण विधानसभेत पहिली बाई पोचायला १९७० उजाडलं. तिचं नाव जीन कॅनफिल्ड. म्हणजे रीडबाई निवडून येतात तेव्हा बायकांचं या सभागृहातलं सगळं वास्तव्य नऊ वर्षांचं आहे.

चार वर्षांनी, १९८३ मध्ये, तुम्ही प्रोव्हिन्स हाऊसच्या प्रेक्षक गॅलरीत आहात. वाळूच्या दगडाची ही इमारत १८४७ मध्ये पुरी झाली. १८६४ च्या सप्टेंबरात ज्या बैठकीतून कॅनडा नावाचा देश पुढे जन्माला आला, ती बैठक इथेच भरली होती. सभागृह इतकं लहान की समोरच्या बाकावरच्या माणसाच्या सदऱ्याचं बटण तुटलेलं असलं तरी दिसावं. एक गोष्ट तुम्हाला खटकेल: सरकार पक्ष अध्यक्षांच्या डाव्या हाताला बसला आहे. आपल्याकडे आणि लंडनलाही तो उजवीकडे बसतो. इथले लोक कारण सांगतात ते थंडीचं. शेगडीची ऊब त्या बाजूला होती, म्हणून सत्तेवरच्यांनी ती बाजू धरली आणि कधी सोडली नाही.

अध्यक्षांच्या खुर्चीवर रीडबाई बसतात. या प्रांताच्या पहिल्या महिला अध्यक्ष. खाली आरडाओरड सुरू होते. त्या नाव घेऊन एकेकाला बोलायला देतात, वेळ संपली की थांबवतात, नियमाचं पुस्तक हाताशी ठेवतात. अध्यक्षाने आपला पक्ष सभागृहाच्या दाराबाहेर ठेवायचा असतो. तो त्या ठेवतात. १९८६ च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष हरतो, जो गिझ यांचं लिबरल सरकार येतं, रीडबाई मात्र आपली जागा राखतात आणि विरोधी बाकावर जाऊन बसतात. अध्यक्षाच्या खुर्चीवरून उतरून पुन्हा वादात उडी घेणं सोपं नसतं. तीन वर्षं त्या ते करतात.

१६ ऑगस्ट १९९०. आज तुम्ही चांगले कपडे घाला, शपथविधीला जायचं आहे.

मुंबईहून आलेल्या माणसाला ‘लेफ्टनंट गव्हर्नर’ म्हटलं की दिल्ली किंवा पुदुच्चेरीचे उपराज्यपाल आठवतात, म्हणजे केंद्राचा माणूस. इथला प्रकार वेगळा. कॅनडाची राणी एलिझाबेथ लंडनला राहते, देशात तिच्या जागी राजधानी ऑटावाचे गव्हर्नर जनरल, आणि प्रत्येक प्रांतात तिच्या जागी लेफ्टनंट गव्हर्नर. नेमणूक गव्हर्नर जनरल करतात, ती पंतप्रधानांच्या सल्ल्याने. पगारही ऑटावा देते. पण एकदा खुर्चीवर बसलं की ती व्यक्ती प्रांताच्या बाबतीत राणीच. विधानसभा बोलावणं, बरखास्त करणं, प्रीमियरला म्हणजे मुख्यमंत्र्याला सरकार बनवायला सांगणं, विधेयकाला संमती देणं, हे सगळं तिच्या सहीने. आणि यातलं जवळपास काहीही तिच्या मर्जीने नाही.

पंतप्रधान ब्रायन मलरोनी यांच्या सल्ल्याने रीडबाईंची नेमणूक झाली आहे. देशात पहिली महिला लेफ्टनंट गव्हर्नर होऊन सोळा वर्षं झाली: १९७४, ओंटारिओ, पॉलीन मॅकगिबन. मग मॅनिटोबा, अल्बर्टा, सस्कॅचवान. या बेटावर मात्र ब्रिटिशांनी स्वतंत्र कारभार सुरू केल्यापासून दोनशे वर्षांहून अधिक काळ हे पद केवळ पुरुषांकडे आलेलं आहे. रीडबाई हात वर करून राणीशी निष्ठेची शपथ घेतात, कागदावर सही करतात. एवढ्यावर त्यांचा पक्ष संपतो. यापुढे कुठल्याही सभेत, कुठल्याही जेवणात, कुठल्याही मुलाखतीत त्यांना राजकीय मत नाही.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, १ जानेवारी १९९१ ला, तुम्ही फॅनिंगबँकच्या दारात रांगेला लागता. लेफ्टनंट गव्हर्नरचं हे निवासस्थान १८३४ चं, पांढरं, लाकडी, उंच खांबांच्या पडवीचं, समोर शार्लटटाऊनचं बंदर. वर्षारंभी हे घर सगळ्यांसाठी उघडं असतं. या प्रथेला लेव्ही म्हणतात आणि बेटावर ती मनापासून पाळली जाते. वारा बंदरावरून सरळ अंगावर येतो. तुमच्यापुढे बटाट्याचा शेतकरी आहे, त्याच्यापुढे परिचारिका, त्यांच्या पुढे दोन पोरांना घेऊन आलेलं जोडपं, आणि कोणीही कुणाच्या पुढे घुसत नाही. दारातून आत गेलात की गणवेशातला एडीसी तुमचं नाव विचारून मोठ्याने सांगतो, आणि रीडबाई हात पुढे करतात.

रांग शेकड्यांची आहे. हात हातात घ्यायचा, नाव उच्चारायचं, डोळ्यांत बघायचं, एक वाक्य त्या माणसापुरतं बोलायचं, आणि पुढच्याला तेवढंच पुरं लक्ष द्यायचं. वीस-एक वर्षं हजेरी घेतलेल्या माणसाला हे जमतं. लाख-सव्वा लाख वस्तीच्या बेटावर या रांगेत त्यांच्या वर्गात बसलेलं कुणीतरी असणारच. तिशी-पस्तिशीचा एखादा बाप्या टोपी काढून हातात धरतो तेव्हा तो राणीच्या प्रतिनिधीला मान देतो आहे की आपल्या बाईंना, हे त्याला विचारण्यात अर्थ नाही.

आता १९९३ मध्ये या. सगळा प्रवास या वर्षासाठी आहे.

जानेवारीत जो गिझ पायउतार होतात. लिबरल पक्ष कॅथरीन कॅलबेक यांना नेता निवडतो आणि २५ तारखेला त्यांचा शपथविधी होतो. लेफ्टनंट गव्हर्नर बाई, तिच्यासमोर शपथ घेणारी प्रीमियर बाई. २९ मार्चला निवडणूक. निकालाच्या रात्री एखाद्या घरात शिरून टीव्हीसमोर बसा. आकडे येत राहतात आणि खोलीतले टोरी आवाज हळूहळू बंद होतात. ३२ पैकी ३१ जागा लिबरल. प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला एक, नेत्या पॅट मेला यांची स्वतःची. कॅनडात सार्वत्रिक निवडणूक जिंकून प्रीमियर झालेली पहिली बाई म्हणजे कॅलबेक. त्याआधी ब्रिटिश कोलंबियात रीटा जॉन्स्टन प्रीमियर झाल्या होत्या, पण पक्षाने नेमून, आणि निवडणुकीत त्या हरल्या.

रीडबाईंच्या बाजूने हा निकाल वाचा. सात वर्षं सत्ताबाकावर आणि तीन वर्षं विरोधी बाकावर ज्या पक्षासाठी त्या लढल्या, त्याचा एकच माणूस उरला आहे. आणि त्या पक्षाला धुऊन काढणाऱ्या सरकारचं पहिलं अभिभाषण त्यांनाच वाचायचं आहे.

नव्या विधानसभेच्या उद्‌घाटनाला तुम्ही पुन्हा गॅलरीत. मानवंदना झाली. लेफ्टनंट गव्हर्नरचा मान पंधरा तोफांचा. सदस्य उठून उभे राहतात आणि रीडबाई आत येतात, त्याच सभागृहात जिथे त्या आमदार होत्या, अध्यक्ष होत्या. आज त्या राणीच्या जागी बसतात. खाली बघा. प्रीमियर कॅथरीन कॅलबेक. विरोधी पक्षनेत्या पॅट मेला, आपल्या पक्षाच्या एकट्या. अध्यक्ष नॅन्सी गप्टिल. उपाध्यक्ष एलिझाबेथ हबली. आणि वर मॅरियन रीड. प्रांताची पाचही मोठी पदं बायकांकडे. कॅनडात असं याआधी कुठेही झालेलं नाही.

आणि मग अभिभाषण. मुंबईच्या विधानभवनात राज्यपाल जे वाचतात त्याचीच ही सख्खी बहीण. एकाच ब्रिटिश वहिवाटीतून दोन्ही आलेली: मंत्रिमंडळ लिहून देतं, राणीचा किंवा घटनेचा प्रतिनिधी वाचतो, आणि प्रत्येक वाक्यात “माझं सरकार” म्हणतो. माझं सरकार खर्च आटोक्यात आणेल. माझं सरकार अमुक करेल. रीडबाईंच्या हातात ते कागद आहेत. या सरकारच्या पक्षाविरुद्ध त्यांनी तीन निवडणुका लढवून जिंकल्या आहेत. आता त्या वाचतात.

कान देऊन ऐका. प्रत्येक शब्द सुटा. पॅट मेला यांच्या एकट्या बाकापर्यंत पोचेल आणि लिबरल बाकांपर्यंतही तसाच पोचेल असा आवाज. एखाद्या वाक्यावर थबकणं नाही, एखादं घाईने उरकणं नाही. एकशिक्षकी शाळेच्या मागच्या बाकावर तुम्ही जे ऐकलं होतं, तेच. आवाज स्वतःचा आणि मजकूर लोकांचा, हे जिला जमतं तिलाच हे पद पेलतं. ज्याला पदोपदी आपलं मत मिसळावंसं वाटतं त्याने या खुर्चीवर बसू नये. आपल्याकडे गेल्या काही दशकांत निरनिराळ्या राज्यांत अभिभाषणातले परिच्छेद गाळणारे, मध्येच निघून जाणारे राज्यपाल आपण पाहिले आहेत, म्हणून मला हे इतक्या आग्रहाने सांगावंसं वाटतं.

त्या पाच जणींचा एकत्र फोटो काढला गेला. तो बघायच्या आधी तुम्ही क्षणभर १८६४ च्या सप्टेंबरात डोकावा, त्याच फॅनिंगबँकच्या पडवीत. कॅनडाचे जनक म्हणवले गेलेले प्रतिनिधी पायऱ्यांवर, खांबांशी, कुणी बसून, कुणी रेलून उभे आहेत. उंच टोप्या, दाढ्या, काठ्या. छायाचित्रकार सगळ्यांना स्थिर राहायला सांगतो. घरात जेवणं रांधणाऱ्या, पाहुण्यांची उठबस करणाऱ्या बायका आहेत, पण चौकटीत एकही नाही. आता १९९३ चा फोटो हातात घ्या. त्याच गावातला. पाच माणसं, पाचही बायका, आणि प्रांताचा कारभार त्यांच्यात वाटलेला.

बेटावर त्यांना ‘फेमस फाइव्ह’ म्हणतात. हे नाव मूळ अल्बर्टाच्या पाच बायकांचं. कॅनडाच्या सिनेटवर नेमायच्या ‘व्यक्तीं’मध्ये बायका धरतात की नाही, हा प्रश्न त्यांनी कोर्टात नेला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२८ मध्ये नाही म्हटलं. त्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेल्या, आणि १८ ऑक्टोबर १९२९ ला निकाल लागला की हो, बाई ही व्यक्ती आहे. मॅरियन डॉइल त्या दिवशी नॉर्थ रस्टिकोत नऊ महिन्यांची होती. रांगत असेल. जन्माला आली तेव्हा तिच्या देशाच्या कायद्याने तिला सिनेटच्या लेखी व्यक्ती मानलेलं नव्हतं, आणि चौसष्टाव्या वर्षी ती एका प्रांताची राणी म्हणून सरकारचं अभिभाषण वाचत होती. बेटाच्या पाच जणींपैकी कॅलबेक आणि हबली पुढे त्याच सिनेटवर गेल्या, १९९७ आणि २००१ मध्ये.

फोटो बघून परत फिरलात तर अर्धीच गोष्ट घेऊन जाल. एक वर्ष पुढे या.

१९९४. प्रांताची तिजोरी रिकामी आहे, ऑटावाकडून येणारा पैसा आटतो आहे. कॅलबेक सरकार सरकारी नोकरांच्या पगारात साडेसात टक्के कपात करायचा कायदा आणतं. वाटाघाटी करून, सह्या करून ठरलेले पगार कायद्याने खाली आणायचे. यात परिचारिका आहेत, कारकून आहेत, आणि शिक्षक आहेत. कुठल्याही शाळेच्या शिक्षकखोलीत जाऊन बसा. चहाचा कप हातात धरून कुणी महिन्याचा हिशेब पुन्हा मांडतं आहे, घराच्या कर्जाचा हप्ता आणि कपातीनंतरचा पगार. सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न: करार झाला होता ना? शब्द दिला होता ना? कॅलबेक यांना हा निर्णय राजकीयदृष्ट्या पुढे कधीच पचला नाही.

विधेयक सभागृहात मंजूर होतं. पण मंजूर झालं म्हणजे कायदा झाला, असं नाही. त्याला राणीची संमती लागते. १९९४ मध्ये त्या खुर्चीवर जी व्यक्ती आहे तिने आयुष्यातली वीस-एक वर्षं याच बेटावर शिक्षिकेचा पगार घेतलेला आहे.

तुमच्या मनात आलं ते मला कळतं. अधिकार आहे तर नाकारायची संमती. आणि याच पदावर ते एकदा घडलंही आहे. १९४५ मध्ये लेफ्टनंट गव्हर्नर ब्रॅडफर्ड लेपाज यांनी दारूबंदी सैल करणारं विधेयक सभागृहाने मंजूर केलेलं असताना अडवलं. हा प्रांत कॅनडात सगळ्यात आधी, १९०१ पासून, दारूबंदीत गेला आणि १९४८ मध्ये सगळ्यात शेवटी बाहेर आला. लेपाज यांना आपली नीती प्यारी होती. त्यांच्यानंतर आलेल्या माणसाने संमती देऊन टाकली. एका माणसाच्या विवेकाने सभागृहाचा निर्णय थोडे दिवस लांबवला, एवढंच त्यातून निघालं. निवडून कोण आलं होतं, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

संमती दिली जाते. राणीच्या नावाने, ठरलेल्या शब्दांत. रीडबाईंच्या चेहऱ्यावर काही शोधत बसू नका. तिथे काही दिसू न देणं हेच या कामाचं सगळ्यात जड ओझं आहे. अभिभाषण वाचताना त्यांना फक्त आपला जुना पक्ष बाजूला ठेवावा लागला होता. इथे आपलं सगळं आयुष्य ठेवावं लागलं. मला विचाराल तर कपात अन्यायाची होती. दिलेला शब्द सरकारने मोडला. आणि तरीही संमती द्यायलाच हवी होती. हा अन्याय दूर करायची जागा मतपेटी होती, फॅनिंगबँकचा दिवाणखाना नव्हे. शिक्षकांच्या बाजूचं कुणी त्या खुर्चीवर होतं म्हणून तिने नियम वाकवला असता, तर पुढच्या खेपेला शिक्षकांच्या विरोधातल्या कुणीतरी तोच वाकवला असता. मतपेटीने तो हिशेब केलाही. लोकांचा कौल ढळतो आहे हे दिसल्यावर कॅलबेक यांनी १९९६ मध्ये पद सोडलं आणि त्याच वर्षी लिबरल हरले.

रीडबाईंची मुदत १९९५ मध्ये संपली. त्यांच्या जागी गिल्बर्ट क्लेमेंट्स आले. बोर्डनजवळ समुद्रात तोवर पुलाचे खांब उभे राहू लागले होते. १२.९ किलोमीटरचा तो पूल ३१ मे १९९७ ला उघडला आणि तुम्ही ज्या फेरीबोटीने बेटावर आलात ती त्या मार्गावरून गेली. दोन-दोन आमदारांचे जुने मतदारसंघही १९९६ च्या निवडणुकीत मोडीत निघाले. पाच जणींचा तो योग मात्र पुन्हा जुळला नाही. कॅलबेक यांच्यानंतरच्या पंचवीस वर्षांत प्रांताला एकही महिला प्रीमियर मिळाली नाही. एका फोटोवरून बदल झाला असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. त्या वर्षी पाच बायका वर पोचल्या, पण पोचण्याची वाट रुंद झाली नाही, आणि ती रुंद करण्याचं काम अजून बाकी आहे.

लेफ्टनंट गव्हर्नरच्या खुर्चीवर मात्र रीडबाईंनंतर आणखी दोन बायका बसल्या. २००६ मध्ये बार्बरा हॅगरमन, आणि २०१७ मध्ये टिग्निशच्या अँटोइनेट पेरी, या पदावरच्या पहिल्या अकेडियन, म्हणजे तिथल्या जुन्या फ्रेंच वसाहतकऱ्यांच्या वंशातल्या, स्त्री. दोघीही त्याआधी संगीत शिकवायच्या, पेरी तर गावच्या प्राथमिक शाळेत. प्रिन्स एडवर्ड आयलंडवर २०२४ पर्यंत राणीच्या किंवा राजाच्या जागी तीन बायका बसल्या, आणि तिघीही शिक्षिका होत्या.